सहावी पुनव

ज्या फाटकातून बाहेर पडायला आम्हाला मोठ्या बाईंची परवानगी लागायची, त्याच फाटकातून आत जायला मी परवा तिकीट काढलं. खिडकीतल्या मुलानं ते फाडून हातात दिलं आणि म्हणाला, "आजी, छत्री इथंच ठेवा. आणि आत भिंतींना हात लावू नका." मी मान डोलावली. या भिंतींना मी दहा वर्षं चुना फासला आहे, हे त्याला सांगून काय उपयोग होता? त्यानं छत्री कोपऱ्यात उभी केली आणि मी आत गेले.

आमचं अनाथालय आता कलासंग्रहालय झालं आहे. वर्तमानपत्रात वाचलं त्याला सहा महिने झाले. लगेच निघाले असते, पण थांबले. यंदा श्रावण अधिक आहे, आणि जायचं तर अधिक श्रावणातच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. अधिक श्रावण एकोणीस वर्षांनी फिरून येतो. माझ्या जन्मातला हा चौथा. पहिला आला तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि याच इमारतीत होते. दुसरा आला तो देश स्वतंत्र झाला त्या वर्षी. तिसऱ्या वेळी मी शाळेत शिकवत होते आणि वर्गाला पंचांग समजावून सांगता सांगता मध्येच गप्प झाले. मुलींना वाटलं, बाईंना चक्कर आली. पाचवा बघायला मी असेन असं काही वाटत नाही. म्हणून पौर्णिमा उलटून चार दिवस झाल्यावर श्रीवर्धनहून सकाळची एस.टी. धरली. कोणी म्हणेल योगायोग. योगायोग कसला, चांगलं पंचांग बघून गेले.

इमारत जिथल्या तिथं आहे. खाडीच्या काठाला, दुमजली, पुढं लांबलचक व्हरांडा आणि मागं थेट पाण्यात उतरलेली काळ्या दगडाची भिंत. कोणा शेटजींनी आपल्या आईच्या नावानं बांधली होती. मला तिथं तळा गावाच्या बाजूनं आणलं. कोणी आणलं, का आणलं, ते मला कधी कळलं नाही आणि पुढं मी विचारायचंही सोडून दिलं. आठवतं ते इतकंच की बैलगाडीत पेंढा होता, तो पायांना टोचत होता, आणि कोणीतरी माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला होता. तो विरघळायच्या आत फाटक आलं.

त्या फाटकाच्या आत मी पंधरा वर्षं होते.

वरच्या मजल्यावर आमचं निजायचं दालन होतं. त्याला नऊ खिडक्या, आणि नऊच्या नऊ माणसाच्या डोक्याच्या वर. उजेड यावा, वारा यावा, पण पोरींचं लक्ष बाहेर जाऊ नये, अशा हिशेबानं बांधलेल्या. आम्हाला आभाळाचे नऊ तुकडे दिसायचे. खाडी भिंतीला चिकटून होती, तिचा वास उशाशी होता, होड्यांवरची माणसं एकमेकांना हाका मारायची ती अक्षर न अक्षर ऐकू यायची, पण पाणी म्हणून कधी दिसलं नाही. पावसाळ्यात तर आभाळही जायचं. नारळाच्या झावळ्यांची झापं विणून बाहेरून खिडक्यांना बांधायचे. मग चार महिने हिरवट अंधार, ओल्या झापांचा कुबट वास, पाटीवर बुरशी आणि न वाळलेल्या परकरांची दोरीवर टांगलेली रांग. बाहेर दर्याही बंद व्हायचा. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायचे. आत आम्ही बंद, बाहेर दर्या बंद. लहानपणी मला वाटायचं, त्यालाही मोठ्या बाईंनीच कोंडलं असणार.

परवा बघितलं तर त्या दालनात समुद्राची चित्रं लावली आहेत. उजेडानं रंग उडतात म्हणून खिडक्या आतून फळ्या ठोकून बुजवल्या आहेत आणि त्या फळ्यांवर सोनेरी चौकटींत समुद्र टांगला आहे. पलीकडं खरी खाडी भरतीला लागली होती, मला ऐकू येत होती. मी एकटीच मोठ्यानं हसले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या मुलीनं मान वर करून पाहिलं. मी तोंडाला पदर लावला, अगदी पूर्वी लावायची तसा.

त्या घराला वास फार होते. सकाळी फिनेल. नऊ वाजता तांदळाच्या पेजेचा, त्यात मीठ कमी असायचं. दुपारी खारवलेल्या कैरीच्या बरणीचा, जी आमच्यासाठी नसायची. आणि पाऊस संपला की चुन्याचा. आवारात एक खड्डा होता. त्यात भाजलेल्या शिंपल्या टाकून वर पाणी ओतलं की खड्डा खदखदायला लागायचा, वाफा यायच्या, नाकात झोंबायचं. तो चुना निवला की आम्हीच कुंचे घेऊन सगळं घर रंगवायचं. हाताची सालपटं निघायची. मग संध्याकाळी खोबरेलाची वाटी फिरायची आणि सगळ्याजणी आपापले तळवे फुंकत बसायच्या. मला आजही कुठं नवा चुना दिसला की बोटं आखडल्यासारखी होतात.

आणि त्या घरात तारखा होत्या, तिथ्या नव्हत्या. मोठ्या बाई घाटावरच्या, चष्मा लावणाऱ्या, स्वभावानं वाईट नव्हत्या. पण घरात सगळ्या जातींच्या मुली, कोणाचा कुठला सण आणि कोणाचा कुठला उपास, त्यावरून वाद नकोत म्हणून त्यांनी सगळेच सण काढून टाकले होते. भिंतीवर इंग्रजी तारखांचा गठ्ठा टांगलेला असे, रोज एक कागद फाडायचा. चतुर्थी, एकादशी, पुनव ही सगळी फाटकाबाहेर राहणारी माणसं होती. धुर्पी आली तेव्हा ती सगळी तिच्या मागोमाग आत आली.

त्याआधी वेणीची रांग सांगते. म्हणजे धुर्पी माझी कोण, ते कळेल.

रोज संध्याकाळी मागल्या पायऱ्यांवर आम्ही बसायचो, एकीच्या मागं एक. प्रत्येकीनं आपल्या पुढच्या मुलीची वेणी घालायची. बाईंची युक्ती चांगली होती. अर्ध्या तासात चाळीस डोकी उरकायची. फक्त शेवटच्या पायरीवरच्या मुलीच्या मागं कोणी नसे. तिनं आपली आपण घालायची. ती जागा माझी होती. का माझी, ते विचारू नका. कोणाला तरी शेवटी बसावंच लागतं, आणि मला भांडता येत नव्हतं. माझी वेणी कायम एका बाजूला कललेली असायची आणि पाठीमागचे केस बोटांनी चाचपून विंचरताना भांग कुठं गेला ते मला कधीच कळायचं नाही.

शिमगा झाल्यावर दोन दिवसांनी धुर्पीला तिच्या आईनं आणून सोडलं. सात वर्षांची कोळ्याची पोर, काळीसावळी, दात पुढं, अंगाला सुक्या मासळीचा वास. पहिल्याच संध्याकाळी ती माझ्याही मागं येऊन बसली आणि काही न विचारता माझे केस हातात घेतले. जाळ्याची गाठ मारावी तशी घट्ट वेणी घातली. डोळे ताणले गेले माझे. मी रडले ते त्यामुळं, असं मी बाकीच्यांना सांगितलं.

"माजी आय येनार हाय," ती म्हणाली. "मी हितं रानार न्हाय. थोरे दिस हाय मी."

तिची आई उरणच्या बाजूला मिठागरावर कामाला गेली होती. जाताना तिनं लेकीचा हात हातात घेऊन एक-एक बोट मिटून दाखवलं होतं. ही शिमग्याची पुनव गेली. आता पाच पुनवा मोज. पाचवी ती नारळी पुनव. त्या दिवशी दर्याला नारळ देऊ, दर्या मोकळा होईल, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या होडीनं मी येते. धुर्पीनं ती मूठ मला दाखवली, जणू आत काही होतं.

तिला मोजायचं पक्कं यायचं नाही, मला यायचं. आणि मला पुनव कळायची नाही, तिला कळायची. आमचं दोघींचं मिळून एक पंचांग झालं. उन्हाळ्यात चंद्र खिडकीच्या तुकड्यात यायचा तेव्हा सोपं होतं. पुढं झापं बांधली. मग धुर्पी पाणी ऐकायची. पुनवेला आणि अवसेला उधाण येतं, भर दुपारी खाडीचं पाणी चढून मागच्या भिंतीला लागतं आणि थपथप थपथप असा आवाज करत राहतं. खाली वर्गात पाढे चालू असायचे आणि धुर्पी पाढा म्हणता म्हणता थांबून माझ्याकडं बघायची. "पानी भितीला लागला." मी लगेच हिशेब करायची, मागचं उधाण अवसेचं होतं, म्हणजे हे पुनवेचं. संध्याकाळी वर गेलं की आमच्या चटईच्या उशाशी, जमिनीपासून हातभर उंचीवर, मी भिंतीच्या चुन्यात एक गोल कोरायची. खाडीत मिळणाऱ्या तिसरीचा एक शिंपला होता धुर्पीकडं, आईनं दिलेला. त्याच्या कडेनं कोरायचं. चुन्याची पांढरी भुकटी धुर्पी बोटानं टिपून घ्यायची, पुरावा राहू नये म्हणून.

एक, दोन, तीन, चार.

खरं सांगायचं तर प्रत्येक गोलागणिक माझा जीव खाली खाली जात होता. तिची पुनव जवळ येत होती म्हणजे माझी शेवटची पायरी पुन्हा जवळ येत होती. माझं कोणी येणार नव्हतं. मी कुठलीही पुनव मोजली असती तरी नव्हतं. धुर्पी रोज आईचं सांगायची, आई कोळंबी कशी सोलते, आई हसते तेव्हा पदर कसा तोंडात धरते, आणि मी हो हो म्हणायची. मनात म्हणायची, नको येऊ दे.

पाचव्या पुनवेला पाणी भिंतीला लागलं. मी पाचवा गोल कोरला. धुर्पीनं धुतलेला परकर घातला.

"वाजंत्री आयकू न्हाय आली," ती म्हणाली. नारळी पुनवेला कोळीवाड्यातून वाजतगाजत नारळ निघतो. तिच्या गावात निघायचा.

"वारा उलटा आहे," मी म्हटलं. मला काय कळत होतं वाऱ्यातलं? पण मी मोठी होते आणि मला मोजता यायचं.

दुसऱ्या दिवशी ती व्हरांड्यात फाटकाकडं तोंड करून बसली. तिसऱ्या दिवशीही. पाऊस मुसळधार होता. होडीला उशीर झाला असेल, असं मी म्हटलं. चौथ्या दिवशी ती तिथं बसली नाही. संध्याकाळी पायऱ्यांवर आली आणि माझी वेणी घालताना पहिल्यांदाच तिचे हात सैल पडले.

त्याच सुमारास घरात एक बातमी होती. घाटावर एक मोठं आश्रमघर होतं. त्या वर्षी आमच्याकडून आठ मुली तिकडं पाठवायच्या होत्या, ज्यांचं कोणी नाही अशा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई रांगेत विचारणार होत्या, कोणाचं कोणी येणार आहे का. माझं नाव त्यात असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी घाट पाहिला नव्हता. तिथं म्हणे थंडीनं ओठ फुटतात आणि ज्वारीची भाकरी खावी लागते. मला फार भीती वाटत होती.

धुर्पी मागून म्हणाली, "तू जानार ना? मंग मी बी येते. माजी आय काय येत न्हाय."

मी वळून बघितलं नाही. मला इतका आनंद झाला होता की तो तोंडावर दिसला असता. एकटीनं जायचं नव्हतं. माझ्या मागच्या पायरीवर कायम कोणीतरी असणार होतं. तो आनंद मला अजून आठवतो. तसा पुन्हा कधी झाला नाही, लग्नातही नाही.

वेणी झाल्यावर मला कोठारात पाठवलं. लक्ष्मीबाय नावाची गावातली बाई आमच्याकडं भात कांडायला यायची आणि आम्ही आळीपाळीनं पाखडायला बसायचो. मी सूप हातात घेतलं आणि सहज विचारलं, "लक्ष्मीबाय, होड्या चालू झाल्या का?"

"कसल्या व्होड्या? दर्या आजून बंद हाय."

"नारळी पौर्णिमा झाली ना पण."

तिनं मुसळ थांबवलं. "कवा झाली? यंदा धोंडा हाय गो पोरी. सरावन दोन हायत. ही गेली ती धोंड्याची पुनव. नारली पुनव आजून म्हयनाभर लांब हाय."

अधिक महिन्याला आमच्याकडं धोंड्याचा महिना म्हणतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पण बाकीचं समजायला मला पंचांग नको होतं. पुनवा पाच नव्हत्या, सहा होत्या. धुर्पीची आई चुकली नव्हती, उशीर करत नव्हती. ती यायची होती. मला एवढंच करायचं होतं की जिना चढून वर जायचं आणि सांगायचं, अजून एक मोज.

मी सूप पाखडत राहिले. तांदूळ खाली सांडले तेव्हा लक्ष्मीबाय रागावली.

वर गेले तेव्हा धुर्पी तिच्या चिरगुटांचं गाठोडं बांधत होती. माझंही तिनं बांधून ठेवलं होतं. मी सांगितलं तर ती राहणार आणि मी एकटी जाणार. मी स्वतःला म्हटलं, उद्या सांगू. रांगेत उभं राहायच्या आधी सांगू. तिनं आपला शिंपला माझ्या हातात दिला. म्हणाली, "तुज्याकडंच ठेव. आता काय मोजायचा न्हाय."

सकाळी रांग लागली. मोठ्या बाई एकेकीसमोर थांबून विचारत होत्या, "तुझं कोणी येणार आहे?" धुर्पी माझ्या शेजारी होती. माझ्या तोंडात शब्द आले होते, अगदी दातांपर्यंत आले होते. बाई तिच्यासमोर आल्या.

"न्हाय," धुर्पी म्हणाली, आणि माझ्याकडं बघून हसली.

मग बाई माझ्याकडं वळल्या. त्यांनी विचारलंही नाही. माझा हात हातात घेतला, बोटं फाकवून बेचक्यांत पाहिलं आणि चष्मा सारखा केला. "हिला खरूज आहे. हिला नाही पाठवता येणार."

एवढंच झालं. रांग पुढं सरकली. मी तेव्हाही बोलू शकले असते. बाई ऐकणाऱ्या होत्या, ओरडल्या असत्या फार तर, पण त्यांनी नाव खोडलं असतं. पण बोलायचं तर कधी कळलं तेही सांगायला हवं होतं. काल कळलं, मग काल का नाही सांगितलं, असं धुर्पीनंच विचारलं असतं. तिच्यासमोर ते उत्तर द्यायची माझी छाती झाली नाही. लोक माझ्याबद्दल पुढं म्हणत आले की बाई स्पष्टवक्त्या आहेत. असेन. त्या एका सकाळची भरपाई करत असेन.

दुपारी बांबूच्या तट्ट्याचं छत असलेल्या दोन बैलगाड्या आल्या. आठ मुली, आठ ताटल्या, नवे परकर. धुर्पी गाडीच्या मागच्या कडेला बसली होती आणि मला शोधत होती. मी फाटकापाशी गेले.

"तू?" तिनं विचारलं.

"मी मागून येते," मी म्हटलं. "बरी झाले की."

तिनं मूठ पुढं केली आणि उघडली. "किती पुनवा?"

मी एक बोट दाखवलं. तिनं आपलं एक बोट मिटलं आणि घट्ट धरून ठेवलं. गाडी हलली. फाटकाच्या गजांतून दिसायचा तेवढा रस्ता संपला आणि मग गाडीही संपली.

खरूज झालेल्या मुलीला वेगळं बसवत. हाताला गंधक आणि खोबरेल लावून मी महिनाभर व्हरांड्यात, फाटकाजवळच्या खांबाशी बसून होते. म्हणूनच सहाव्या पुनवेला मी वाजंत्री ऐकली. कोळीवाड्यातून आली, वाऱ्याला छेदून, चांगली खणखणीत. आणि दुसऱ्या दिवशी धुर्पीची आई आली.

गुडघ्यापर्यंत भिजलेली, पदरात नारळ. मी तिला लगेच ओळखलं, तेच पुढं आलेले दात. पहारेकऱ्यानं मोठ्या बाईंना बोलावलं, बाईंनी तिला जे सांगायचं ते हळू आवाजात सांगितलं, घाटावरच्या गावाचं नाव कागदावर लिहून दिलं आणि त्या आत गेल्या. मला वाटतं त्यांनाही तिथं उभं राहवत नव्हतं. ती बाई कागद हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिला मी दिसले.

"तू वलखते काय गो माज्या धुर्पीला?"

मी मानेनं हो म्हटलं.

"माजी वाट बगत व्हती?"

"हो."

"मीच तिच्या बोटांवर पाच मोजल्या," ती म्हणाली. माझ्याशी नव्हे, गजांशी बोलल्यासारखी. "धोंडा हाय ह्यो माज्या ध्यानातच न्हवता. सगला गाव बोलत व्हता, आन मला कसा सुचला न्हाय? माजीच चूक. माज्या हातानी मी पोर घालवली."

तुमची नाही, असं म्हणायला दोन शब्द लागले असते. ती स्वतःला बोल लावत होती आणि मी तो लावू दिला. नऊ वर्षांच्या मुलीला इतकं कळतं का, असं मला पुढं कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, कळतं. मला कळत होतं.

तिनं फाटकाच्या दगडावर नारळ फोडला. लेकीसाठी आणलेला होता. खोबऱ्याचा एक मोठा तुकडा काढून गजांतून माझ्यापुढं केला. "खा. तिची मैतरीन ना तू?" माझ्या हातांना गंधक लागलेलं, म्हणून तिनंच तो माझ्या तोंडात घातला. आणि मी तो खाल्ला. गोड होता. मला भूक होती. आज इतक्या वर्षांनी, सगळ्यातून सगळं वजा केल्यावर जे उरतं ते हे, की मी ते खोबरं चावून चावून खाल्लं.

तिनं कागद पदराच्या गाठीत बांधला आणि गेली. घाटाच्या दिशेनं गेली की धक्क्याकडं, ते मला कळलं नाही. गजांतून तेवढाच रस्ता दिसायचा.

त्या संध्याकाळी मी सहावा गोल कोरायला घेतला. अर्ध्यात शिंपला मोडला.

पुढं दहा वर्षं मी तिथंच होते. पुन्हा शेवटची पायरी, पुन्हा वाकडी वेणी. चौदा-पंधराची झाल्यावर धीर करून मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तिकडं गेल्यावर मुलींना नवी नावं देतात, जुन्या नावानं कोणी सापडायचं नाही. दर वर्षी पाऊस संपला की चुन्याचा खड्डा खदखदायचा, आणि दालनाचा तो कोपरा मी दुसऱ्या कोणाला करू द्यायची नाही. पुसून टाकवत नव्हतं आणि उघडंही ठेववत नव्हतं. कुंचा फिरवायची, पातळसा. पहिल्या वर्षी गोल स्पष्ट दिसायचे. पाचव्या वर्षी फक्त हाताला लागायचे. दहाव्या वर्षी हातालाही लागेनात, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मला शिक्षिकेच्या शिक्षणाला पाठवलं आणि फाटक उघडलं. बाहेर पडले, असं कागदोपत्री आहे. माझं मला विचाराल तर मी अजून त्या कोठारात सूप घेऊन बसले आहे आणि जिना चढायचा आहे.

परवा त्या दालनात मी चित्रं बघत बघत शेवटच्या कोपऱ्याकडं गेले. तिथं चित्र नव्हतं. जमिनीपासून हातभर उंचीवर भिंतीला काच लावली होती आणि वर छोटा दिवा सोडला होता. चुन्याचे थर खरवडून काढले होते. आत पाच गोल, आणि सहावा अर्धा.

मी खाली बसले. या वयात जमिनीवर बसलं की उठवायला माणूस लागतं, तरी बसले. खुर्चीवरची ती मुलगी धावत आली. "आजी, काय होतंय? पाणी देऊ?" तिच्या गळ्यात नावाचं कार्ड होतं, वैशाली.

"हे कोणाचं आहे?" मी विचारलं.

"दुरुस्तीच्या वेळी सापडलं. इथं पूर्वी अनाथ मुलींचं वसतिगृह होतं ना." तिनं काचेखालची पाटी वाचून दाखवली. "अज्ञात मुलगी. चुन्यावर कोरलेली वर्तुळं." मग जरा लाजत म्हणाली, "एक तज्ज्ञ आले होते, ते म्हणाले या भाकऱ्या असतील. भुकेल्या मुलींनी काढलेल्या. सहावी अर्धी खाल्लेली."

"भाकऱ्या नाहीत त्या, पुनवा आहेत," मी म्हटलं. "मीच कोरल्यात, पण माझ्या नाहीत."

बाहेर दुपारची भरती चढली होती. वैशाली माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि मी तिला सांगितलं. वेणीची रांग सांगितली, शिंपला सांगितला. कोठाराचं सांगताना थांबले, पण मग तेही सांगितलं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मुलांना नाही. आणि एका अनोळखी मुलीला, जिच्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या पोरींना मी आयुष्यभर खरं बोलायला शिकवलं, तिला सगळं सांगून टाकलं.

वैशाली उठली, टेबलावरून वही आणि पेन्सिल घेऊन आली. "आजी, पाटी बदलता येईल. मी साहेबांना सांगेन. पण जागा थोडी असते, दोन ओळींची. काय लिहू?"

मला वाटलं होतं, विचार करावा लागेल. लागला नाही.

"वर नाव लिहा. धुर्पी. आणि खाली लिहा, तिची आई आली होती."

तिनं लिहिलं. "एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं. "एवढंच सांगायचं राहिलं होतं."